कॉलवर इंग्रजी अडतं तेव्हा: सोप्यापासून अवघडापर्यंतच्या तपासण्या

चाकणच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करते. आमचे ग्राहक जर्मनीत आणि अमेरिकेत, त्यामुळे आठवड्यातले चार-पाच कॉल इंग्रजीतच होतात. मी बार्शीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि एबीसीडी पाचवीत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, तोवर माझी प्राथमिक शाळा संपली होती. गेल्या दहा-बारा वर्षांत विभागात नवीन आलेली मुलंमुली एकच तक्रार घेऊन माझ्या टेबलाशी येतात: "ताई, काम सगळं येतं, पण कॉलवर तोंडच उघडत नाही." ही तक्रार मी इतक्यांदा सोडवली आहे की आता तपासणीचा क्रम ठरून गेलाय. तोच इथे लिहून ठेवते.

बहुतेकजण पहिल्याच दिवशी चुकीच्या टोकाला हात घालतात. "माझं इंग्रजी कच्चं आहे" असं ठरवून व्याकरणाचं पुस्तक आणतात किंवा क्लासची फी भरतात. मशीन बंद पडलं की आपण आधी प्लग बघतो, मग फ्यूज, आणि मोटर सगळ्यात शेवटी उघडतो. इथेही तसंच करायचं.

लक्षणं

यातलं तुम्हाला नेमकं काय होतं ते आधी ओळखा, कारण प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं.

- प्रश्न कळतो, उत्तरही माहीत असतं, पण वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.
- ईमेल व्यवस्थित लिहिता येते, बोलताना मात्र तिसऱ्या शब्दाला गाडी थांबते.
- बाकी सगळ्यांचं कळतं, एकाच माणसाचं कळत नाही.
- सकाळचा कॉल बरा जातो, संध्याकाळी तिसऱ्या कॉलला नुसता आवाज ऐकू येतो, अर्थ लागत नाही.
- कॉल संपल्यावर कळतं की आपण भलत्याच गोष्टीला हो म्हणून बसलो.
- आकडे आणि तारखा चुकीच्या टिपल्या जातात.
- एकटं असताना जमतं, आपलं नाव पुकारलं की छाती धडधडते.

आधी अर्ध्या तासाचा प्रयोग

याला एक पैसाही लागत नाही. तुमच्याच एखाद्या जुन्या कॉलचं रेकॉर्डिंग घ्या. कंपनीच्या परवानगीने झालेलंच घ्या, स्वतःच्या फोनवर चोरून केलेलं नको. त्यातली दहा मिनिटं नुसती ऐका आणि काय कळलं ते मराठीत लिहा. मग तीच दहा मिनिटं खालचा मजकूर, म्हणजे कॅप्शन, चालू करून पुन्हा ऐका.

मजकूर वाचल्यावर सगळं लख्ख कळलं तर तुमची भाषा ठीक आहे. अडचण आवाजात आहे किंवा कानाच्या सवयीत. मजकूर वाचूनही कळलं नाही तर विषयाची पूर्वतयारी कमी पडतेय. दोन्ही वेळा सगळं कळलं, तर ऐकण्याचा प्रश्नच नाही आणि तुमचा दोष बोलण्याच्या बाजूला आहे. हे कळलं की खालच्या निम्म्या तपासण्या तुम्हाला कराव्याच लागणार नाहीत.

तपासणी १: हेडसेट

हसू नका. माझ्याकडे आलेल्या तीन-चार जणांचं दुखणं इथेच संपलं. लातूरचा एक मुलगा होता. अमेरिकेतल्या एका व्यवस्थापकाचं बोलणं त्याला सहा महिने कळत नव्हतं आणि त्याने स्वतःला पार नालायक ठरवून टाकलं होतं. तो कॉल संध्याकाळी सातचा, म्हणजे हा कंपनीच्या बसमध्ये असायचा, कानात ब्लूटूथ आणि बाहेर नाशिक फाट्याची वाहतूक. मी त्याला आठवडाभर ऑफिसात थांबवलं, तारेचा हेडसेट दिला आणि बंद खोलीत कॉल घ्यायला लावला. चौथ्या दिवशी तो त्या माणसाला उलट प्रश्न विचारत होता.

यामागचं कारण समजून घ्या. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की पुष्कळ संच गाण्यांच्या दर्जातून बोलण्याच्या दर्जावर उतरतात आणि आवाज दाबला जातो. जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवरून कॉलला जोडलात तर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोहोचतो, त्याहून उंच सूर गळतात. 'स' आणि 'फ' यांसारख्या आवाजांची पुष्कळशी ताकद त्या पट्ट्याच्या वर असते. इंग्रजीत अनेकवचन शेवटच्या 'स'वर तोलतं आणि भूतकाळ शेवटच्या 'ट'-'ड'वर. 'कॅन' आणि 'कॅन्ट' यांतला फरक तर अमेरिकन माणूस 'ट' जवळजवळ गिळूनच करतो. ज्याची ती मायबोली आहे तो गाळलेली अक्षरं अंदाजाने भरून घेतो. आपल्याकडे अंदाजाचा तो साठा कमी असतो, म्हणून तेवढाच खराब आवाज आपल्याला जास्त महागात पडतो.

तेव्हा काही शे रुपयांचा तारेचा हेडसेट घ्या. सहा जण एका लांबलचक टेबलाभोवती आणि मध्ये एक स्पीकर अशा खोलीत बसू नका, आपापल्या लॅपटॉपवरून जोडून घ्या. टीम्स, मीट, झूम या तिन्हींत कॅप्शनची सोय आहे, ती चालू ठेवा. बोलण्याची भाषा म्हणून इंग्रजी निवडलेलं आहे ना, तेही बघा, नाहीतर मजकूर काहीच्या बाही येतो. मात्र कॅप्शनमधल्या आकड्यांवर आणि पार्ट नंबरांवर विसंबू नका, तिथे ते हमखास चुकतं.

पलीकडच्या माणसाला "युवर व्हॉइस इज ब्रेकिंग, कॅन यू कम क्लोजर टू द माइक?" असं विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. जर्मन माणसं अमेरिकनांना हेच विचारतात.

तपासणी २: कागद आणि घड्याळ

आदल्या दिवशी विषयपत्रिका आणि स्लाइड मागून घ्या. आल्या नाहीत तर पुन्हा मागा. स्लाइड वाचून त्यातले दहा-पंधरा शब्द एका कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक शब्द एकदा मोठ्याने म्हणा. जो शब्द येणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, तो गोंगाटातही ऐकू येतो. स्वारगेटच्या गर्दीत कंडक्टरने आपल्या गावाचं नाव पुकारलं की ते कसं बरोबर कानावर येतं, तसंच.

वेळेचाही घोळ इथेच तपासा. आपलं घड्याळ वर्षभर एकच असतं, त्यांचं बदलतं. जर्मनीशी आपला फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोन्हीकडचे कॉल एकमेकांवर आदळतात. आज कशावर बोलायचं आणि कुणी काय सांगायचं हे पहिल्या पाच मिनिटांत ठरतं. ती पाच मिनिटं हुकली की उरलेला तास धागा शोधण्यातच जातो, आणि आपण त्याचं खापर इंग्रजीवर फोडतो.

तपासणी ३: तुमचं पहिलं वाक्य तयार आहे का?

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची आहे. निम्म्याहून जास्त लोक माझ्याकडे इथे बरे झालेत.

माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ जातो, हे भाषेच्या अभ्यासकांनी दहा भाषांमध्ये मोजलं आहे. सरासरी साधारण २०० मिलीसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आणि एखादं चित्र बघून त्याचं नुसतं नाव घ्यायलासुद्धा माणसाला साधारण ६०० मिलीसेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य आत जुळवत असतो. मायबोलीत हे आपोआप होतं. परक्या भाषेत ऐकायलाच सगळी शक्ती लागते, जुळवायला काही उरत नाही. आपलं वाक्य तयार होतं तेव्हा ती फट केव्हाच बुजलेली असते. याचा बुद्धीशी संबंध नाही, हा वेळेचा हिशेब आहे. म्हणून वाक्य आधी तयार ठेवायचं.

पण वाक्य तयार करताना एक गाठ पडते. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "काल आलेल्या लॉटमधल्या बारा नगांमध्ये वेल्डिंगला तडे सापडले." डोक्यात हे वाक्य असं उभं राहतं आणि आपण ते पहिल्या शब्दापासून उलटवायला लागतो: "यस्टरडे… कम… लॉट…" आणि तिथेच अडकतो, कारण इंग्रजीला आधी कर्ता लागतो आणि लगेच क्रियापद. म्हणून मराठी वाक्याचं शेपूट आधी पकडा. कुणी काय केलं? "वी फाउंड क्रॅक्स." झालं, वाक्य उभं राहिलं. आता बाकीचं एकेक करून जोडा: "ट्वेल्व्ह पीसेस. दे आर फ्रॉम यस्टरडेज लॉट." तीन तुकडे, तिन्ही बरोबर, आणि पलीकडच्या माणसाला सगळं समजलं. लांब वाक्य म्हणजे चांगलं इंग्रजी हा आपल्या शाळेतल्या निबंधाने लावलेला समज आहे. कॉलवर तो सोडून द्या.

प्रत्येक कॉलआधी मी मुलांना तीनच वाक्यं लिहायला लावते. मला काय कळवायचं आहे, मला काय विचारायचं आहे, आणि कशाला मी आज होकार देणार नाही. तिसरं सगळे विसरतात आणि नेमकं तिथेच फसतात. ही तीन वाक्यं पाच वेळा मोठ्याने म्हणायची, ओठ हलवून. मनात म्हटलेलं मोजायचं नाही. जीभ हा स्नायू आहे आणि तो मनातल्या मनात तयार होत नाही.

पूर्ण भाषण मात्र लिहू नका. मी स्वतः पहिल्या वर्षी दोन पानं लिहून न्यायचे. पलीकडून एक प्रश्न मधेच आला की कुठे होते ते सापडायचं नाही आणि सगळं कोसळायचं.

पाठ केलेलं वाक्य आत घालायला फट मिळत नसेल तर दोन गोष्टी करा. पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी बोला, अगदी "गुड मॉर्निंग, आय कॅन हिअर यू वेल" एवढंही चालेल. ज्याचा आवाज एकदा येऊन गेला त्याला दुसऱ्यांदा बोलणं सोपं जातं. आणि कॉल चालवणाऱ्याला चॅटमध्ये आधीच लिहा: "आय हॅव वन पॉइंट ऑन द वेल्डिंग रिपोर्ट." मग तो स्वतः तुमचं नाव घेतो. फट तुम्हाला शोधावी लागत नाही.

अचानक प्रश्न आला तर गप्प राहू नका. आपल्याकडे गप्प राहणं म्हणजे विचार करणं किंवा मान राखणं असतं. पलीकडे त्याचा अर्थ "याला माहीत नाही" किंवा "लाइन तुटली" असा लागतो. "लेट मी चेक, गिव्ह मी अ मिनिट" हे एक वाक्य जिभेवर बसवून ठेवा.

तपासणी ४: तुमचं 'हो' त्यांना काय ऐकू येतं?

हा दोष सगळ्यात जास्त पैसे घालवतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

समजा विचारलं, "डिडन्ट यू सेंड द रिपोर्ट?" मराठीत आपण म्हणतो, "हो, नाही पाठवला." आपला 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. तसंच इंग्रजीत "यस" म्हटलं आणि पुढचं वाक्य लाइनमध्ये गेलं, तर त्याने ऐकलं 'पाठवला'. एकदा आमचा एक तपासणी अहवाल "पाठवलाय" असं समजून त्यांनी माल पुढे सोडला, आणि मग दोन दिवस नुसती पत्रापत्री. तेव्हापासून माझा नियम आहे: असा उलटा प्रश्न आला की यस-नो दोन्ही गाळायचं आणि पूर्ण वाक्य बोलायचं. "आय हॅव नॉट सेंट इट." "वुड यू माइंड" ने सुरू होणाऱ्या प्रश्नालाही तेच. तिथे "यस" म्हणजे 'हो, माझी हरकत आहे'. त्यापेक्षा "शुअर, आय विल डू इट" म्हणा.

दुसरं, आपलं "ओके, ओके". मराठीत फोनवर आपण "हं, हं, हो" म्हणत राहतो, त्याचा अर्थ 'ऐकतेय, पुढे बोला'. पलीकडच्याने शुक्रवारची मुदत सांगितली आणि तुम्ही ऐकता ऐकता "ओके, ओके" म्हणालात, की त्याच्या वहीत शुक्रवार लिहिला गेला. ऐकताना "आय सी" म्हणा. "ओके" हा शब्द फक्त कबुलीसाठी राखून ठेवा. मान डोलावण्याचंही तसंच आहे. आपली आडवी-तिरपी मान त्यांना हो वाटते की नाही, हे त्यांनाच ठरवता येत नाही.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना जाणवते. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. इंग्रजीत दोन्हींना "वी". "वी विल टेस्ट इट बाय मंडे" म्हटल्यावर चाचणी कोण करणार? आपल्या मनात 'आम्ही', त्यांच्या मनात कधीकधी 'आपण मिळून', आणि सोमवारी कुणीच केलेली नसते. "माय टीम विल टेस्ट इट" किंवा "युवर लॅब अँड माय टीम" असं नाव घेऊन बोला. आपला 'परवा' तर मागचाही असतो आणि पुढचाही. म्हणून दिवस सांगू नका, तारीख सांगा.

आपल्या ऑफिसातलं काही इंग्रजी फक्त भारतातच चालतं. "आय हॅव अ डाउट" म्हटलं की अमेरिकन माणसाला वाटतं तुम्हाला त्याच्या म्हणण्याचा संशय आहे. "आय हॅव अ क्वेश्चन" म्हणा. "आय विल रिव्हर्ट" यात आपल्याला म्हणायचं असतं 'उत्तर देते', त्यांच्या लेखी 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला नेणं. ड्रॉइंगच्या नव्या आवृत्तीवर बोलत असताना हे म्हटलंत, तर तुम्ही जुन्या आवृत्तीवर परत जाताय असा अर्थ निघू शकतो. "प्रीपोन" आणि "डू द नीडफुल" बाहेर फारसे कळत नाहीत. आणि सगळाच घोळ आपलाच असतो असंही नाही. "लेट अस टेबल धिस" याचा अर्थ इंग्लंडमध्ये 'हा विषय चर्चेला घेऊ' आणि अमेरिकेत 'हा विषय बाजूला ठेवू'. बैठकीत दोन्हीकडची माणसं असतील तर सरळ विचारा: "नाऊ ऑर लेटर?" अमेरिकनांच्या तोंडी बेसबॉलमधले शब्दही फार. "बॉलपार्क फिगर" ऐकून गोंधळू नका. "यू मीन अ रफ एस्टिमेट?" असं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा. ते चुकलं तर तो दुरुस्त करेल.

कॉल संपल्यावर दहा मिनिटांच्या आत पाच ओळींची ईमेल टाका: काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. तुमचं लिहिणं बोलण्यापेक्षा चांगलं आहे ना? मग ते वापरा. ऐकण्यातली चूक त्यात उघडी पडते आणि त्याच दिवशी दुरुस्त होते. माझ्या हाताखालच्या माणसांवर मी एवढी एकच सक्ती केली आहे.

तपासणी ५: आकडे

हे थोडक्यात सांगते. 'थर्टीन' आणि 'थर्टी' खराब लाइनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून "थर्टीन, वन थ्री" असं अंक फोडून सांगा. लाख-कोटी बोलू नका. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन. जर्मन कागदावर दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो आणि हजार तोडायला टिंब, त्यामुळे ०,५ म्हणजे अर्धा मिलिमीटर आणि १.५०० म्हणजे दीड हजार नग. अमेरिकन तारखेत महिना आधी येतो. इंग्रज माणसाचं "हाफ एट" म्हणजे साडेआठ, पण जर्मनमधलं तसंच "हाल्ब आख्ट" म्हणजे साडेसात, आणि जर्मन सहकारी इंग्रजी बोलताना कधीकधी तो हिशेब सोबत आणतात. पार्ट नंबरमधली अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा या पद्धतीने सांगा. जो आकडा बोललात तो चॅटमध्ये लगेच लिहा. बस.

तपासणी ६: मराठी बैठकीत तुम्ही बोलता का?

इथपर्यंत सगळं करूनही तोंड उघडत नसेल, तर हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. सकाळच्या आमच्या दहा मिनिटांच्या बैठकीत सगळं मराठीत चालतं. तिथेही तुम्ही गप्पच असाल, तर इंग्रजीचा काही दोष नाही. मोठ्यांपुढे बोलू नये, साहेबांचं मधे तोडू नये, विचारल्याशिवाय मत देऊ नये, हे आपल्यात घरापासून मुरलेलं असतं. मुलींमध्ये तर जास्तच, हे मी स्वतःवरून सांगते. अशा वेळी इंग्रजीचा क्लास लावला तर फी जाईल आणि शांतता तशीच राहील. आधी मराठी बैठकीत रोज एक वाक्य बोलायला सुरुवात करा. माझ्या विभागातल्या एका मुलीने तीन आठवडे फक्त एवढंच केलं. चौथ्या आठवड्यात ती इंग्रजी कॉलवर आपणहून बोलली.

याच तपासणीत थकवाही मोजा. परक्या भाषेत ऐकणं हे अंगमेहनतीसारखं काम आहे. लागोपाठ तीन कॉल असतील तर तिसऱ्यात कान बंद पडणारच. मधे पंधरा मिनिटं मागून घ्या आणि त्या वेळात फोन न बघता चहा प्या. अवघड कॉल दिवसाच्या सुरुवातीला लावता येत असेल तर लावा.

तपासणी ७: कान आणि जीभ

ही सगळ्यात लांबची वाट आहे, दीड-दोन महिन्यांची. म्हणूनच ती इतकी खाली ठेवली आहे. सुरुवातीच्या प्रयोगात ज्यांना मजकूर वाचून कळलं आणि ऐकून कळलं नाही, आणि हेडसेट बदलूनही फरक पडला नाही, त्यांच्यासाठी ती आहे.

मराठी बोलताना आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो. इंग्रजी एका अक्षरावर जोर देतं आणि बाकीची गिळतं. 'फोटोग्राफ' मध्ये जोर पहिल्यावर, तोच 'फटॉग्रफर' झाला की दुसऱ्यावर, आणि पहिलं अक्षर ओळखू येत नाही. आमच्या कामातला रोजचा शब्द घ्या. आपण 'कॉम्पोनंट' म्हणतो, ते 'कम्-पो-नंट' म्हणतात, जोर 'पो'वर. कान 'कॉम्' ची वाट बघत असतो आणि तो येतच नाही. म्हणून तुमच्या यादीतल्या दहा-पंधरा शब्दांचा जोर शब्दकोशाच्या ॲपमध्ये ऐकून घ्या आणि त्या अक्षराखाली पेन्सिलने रेघ ओढा.

रोज दहा मिनिटं, ज्या माणसाचं कळत नाही त्याचंच रेकॉर्डिंग लावा आणि त्याच्या मागोमाग एक-दोन शब्दांच्या अंतराने तसंच म्हणा. अर्थाकडे लक्ष देऊ नका, चाल पकडा. बातम्या आणि सिनेमे यांनी हे होत नाही. बातमीदार स्वच्छ बोलतात, तुमचा ग्राहक तसं बोलत नाही.

उच्चारात एक जागा मात्र मुद्दाम सुधारा. मराठीत 'व' एकच, इंग्रजीत दोन. 'व्हेंट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'वेंट' म्हणताना ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. साच्यातल्या हवेच्या वाटेबद्दल बोलताना हा फरक लागतोच. बाकीचा लहेजा बदलायच्या मागे लागू नका. बार्शीचा हेल माझ्या इंग्रजीत अजून आहे आणि ग्राहकाला तो कळतो. वेग कमी करा आणि महत्त्वाच्या शब्दाआधी क्षणभर थांबा. उच्चार शिकण्याचं निम्मं काम तेवढ्यानेच होतं.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

काही दोष घरी उघडायचे नसतात.

मराठीतलं फोनवरचं बोलणंही नीट कळत नसेल, एका कानाने कमी येत असेल किंवा कानात सतत घूं आवाज असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन श्रवणतपासणी करून घ्या. कारखान्यात प्रेसजवळ वर्षानुवर्षं काम केलेल्यांनी तर आधी हीच करावी. आवाजाने हळूहळू उंच सूर जातात आणि इंग्रजीतले 'स'-'फ' तिथेच असतात.

मराठीतही शब्द अडत असेल, पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते तोतरेपण आहे. त्यावर जिभेचे घरगुती व्यायाम करू नका. वाक्‌-उपचारतज्ज्ञ लागतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि मैसूरला अखिल भारतीय वाक्‌ व श्रवण संस्था, दोन्ही सरकारी आहेत आणि हेच काम करतात.

कॉलच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, उलटी येते, हात थरथरतात, कॉल टाळण्यासाठी रजा टाकावीशी वाटते, आणि हे काही आठवडे चाललं आहे, तर आणखी तालीम करू नका. तालमीने ते वाढू शकतं. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.

कुणी तुमच्या उच्चाराची सगळ्यांसमोर नक्कल करत असेल, तर सुधारणा तुमच्या इंग्रजीत करायची नाही. तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि वरिष्ठांकडे किंवा मनुष्यबळ विभागाकडे लेखी द्या.

शिक्षक लावायचाच असेल तर सातही तपासण्या झाल्यावर लावा आणि त्याला तुमच्याच कॉलची तीन वाक्यं, तुमचीच शब्दयादी द्या. महिनाभरात फाडफाड बोलायला लावतो म्हणणाऱ्याने ती यादी बघायची तयारी दाखवली नाही, तर फी भरू नका.

आणि शेवटचं. करार, दंडाची रक्कम, अपघाताची चौकशी किंवा तुमच्यावरचा आरोप, यांपैकी काही त्या कॉलवर निघालं, तर तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी तिथे एकट्याने उत्तर देऊ नका. दुभाषा मागा, वकील मागा, निदान वेळ मागा. त्यासाठी दोन वाक्यं लागतात. ती कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवून ठेवा: "प्लीज सेंड इट इन रायटिंग. आय विल आन्सर टुमॉरो."